इंजिन फुटलं कंपनीचं, मग शिक्षा ड्रायव्हरला का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. फॉर्म्युला वन म्हणजे नुसत्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्या असं ज्यांना वाटतं त्यांनीही वाचा. चूक एकाची असताना दंड कुणाकडून वसूल करायचा, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच नवा नाही.

येत्या ८ मार्चला मेलबर्नला नवा हंगाम सुरू होतोय. नियम नवे, इंजिनं नवी. आणि ॲस्टन मार्टिनच्या गाडीत फर्नांडो अलोन्सो. वय ४४, पाठीमागे होंडाचं इंजिन. जुन्या लोकांना लगेच २०१५ आठवलं असेल. मला तरी आठवलं.

त्या वर्षी होंडा नव्यानं परत आली होती, मॅकलरेनबरोबर. इंजिन सारखं बिघडायचं आणि चालायचं तेव्हा ताकद नसायची. जपानमध्ये, होंडाच्या स्वतःच्या सुझुका ट्रॅकवर, अलोन्सो रेडिओवर वैतागून म्हणाला होता की हे जीपी-२ चं इंजिन आहे, म्हणजे खालच्या वर्गातलं. पण माझा मुद्दा त्याच वर्षीच्या बेल्जियमचा आहे. तिथं मॅकलरेनच्या दोन गाड्यांना मिळून ग्रिडवर १०५ जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. बटनला ५० आणि अलोन्सोला ५५. ग्रिडवर गाड्या होत्या २०.

वीस जणांच्या रांगेत एका माणसाला पंचावन्न जागा मागे पाठवायचं. शाळेत एखाद्या पोराला वर्गाबाहेर उभं करण्याऐवजी पुढच्या तालुक्यात उभं केल्यासारखं. सगळे हसले, मीही हसलो. पुढे २०१८ पासून नियम जरा शहाणा झाला: १५ पेक्षा जास्त जागांचा दंड झाला की सरळ सगळ्यात मागे जा, आकडे मोजत बसू नका. पण दंडाचं मूळ तसंच राहिलं. इंजिन बनवलं कंपनीनं, बिघडलं कंपनीचं, आणि मागे जाऊन उभं राहायचं ड्रायव्हरनं.

हा नियम आला कुठून? हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. १९८० च्या दशकात टर्बो इंजिनांचा काळ होता. बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन क्वालिफायिंगला १३०० अश्वशक्तीच्या वर जायचं असं म्हणतात. त्या काळच्या डायनोवर ते नीट मोजताही येत नव्हतं. असं इंजिन चार-दोन फेऱ्या टिकलं तरी पुष्कळ. शनिवारी तेवढ्यापुरतं वापरायचं आणि फेकायचं. नंतर तीन लिटरच्या व्ही-१० च्या जमान्यातसुद्धा मोठ्या टीम एकाच वीकेंडला एका गाडीसाठी तीन-तीन इंजिनं काढायच्या. पैशाचा धूर नुसता.

म्हणून २००४ मध्ये नियम आला की एका वीकेंडला एकच इंजिन. बदललं तर ग्रिडवर दहा जागा मागे. २००५ मध्ये तेच इंजिन दोन वीकेंड टिकवायचं. २००९ पासून वर्षाला आठ. २०१४ ला १.६ लिटरची व्ही-६ टर्बो हायब्रिड आली तेव्हा पाच, मग चार, आणि २०१८ ला तर २१ शर्यतींना तीन. गेल्या वर्षी २४ शर्यतींना चार. म्हणजे एक इंजिन सहा वीकेंड. रविवारच्या शर्यतीचे साधारण ३०५ किलोमीटर, त्याशिवाय सराव आणि क्वालिफायिंग वेगळं.

इंजिनवाल्यांनी यातून जे करून दाखवलं त्याला माझा मनापासून सलाम आहे. मी आयुष्यातली बरीच वर्षं इंजिन टेस्ट बेडवर काढली, त्यामुळे मला त्याची किंमत कळते. आपल्या रस्त्यावरच्या पेट्रोल इंजिनात जाळलेल्या पेट्रोलमधली ऊर्जा तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास कामाला येते, बाकी उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते. मर्सिडीजनं २०१७ मध्ये डायनोवर ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. तेही तासाला १०० किलोच इंधन वापरायची मर्यादा असताना. आणि ते इंजिन हजारो किलोमीटर टिकवून! दोन्ही गोष्टी एकत्र साधणं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी पिस्टन वितळलेला हातात घेतलाय त्यालाच कळेल.

तेव्हा इंजिनांवर मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. शिक्षा चुकीच्या दारात जाते, भांडण तेवढंच आहे.

२००५ चं किमी रायकोनेनचं वर्ष बघा. मॅकलरेन-मर्सिडीज त्या वर्षी सगळ्यात वेगवान गाडी होती, हे बहुतेक जण मान्य करतील. पण इंजिन सरावातच जायचं. फ्रान्सला तिसरा आला क्वालिफायिंगला, सुटला तेरावा. सिल्व्हरस्टोनला दुसरा, सुटला बारावा. मोंझाला तर सगळ्यात वेगवान फेरी त्याची, आणि पोलवर उभा राहिला माँटोया, हा अकरावा. एका वर्षात चार वेळा हाच प्रकार. चौथा जपानला. तिथं पावसातलं क्वालिफायिंग आणि इंजिनाचा दंड मिळून सतरावा सुटला आणि शेवटच्या फेरीत फिसिकेलाला बाहेरून ओलांडून जिंकला. ती शर्यत मी तेव्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितली होती, आमची केबल बंद होती. शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय झालं, ओरडता कशाला.

वर्षाअखेर अलोन्सो १३३, रायकोनेन ११२. दोघांच्या शर्यती सात-सात जिंकलेल्या. दंड नसते तर रायकोनेन विजेता झालाच असता, असं मी म्हणणार नाही. शर्यतीतसुद्धा त्याची गाडी दोनदा आघाडीवर असताना बंद पडली होती, ते गुण तसेही गेलेच असते. पण मोंझाला पोल मिळवणाऱ्या माणसाला अकरावं उभं करून आपण नेमकं कुणाला धडा शिकवला? जर्मनीतल्या मालकांना की फिनलंडच्या त्या अबोल पोराला?

आता थोडं माझं. कंपनीचं नाव घेत नाही, ती आता तशी राहिलीही नाही. आमच्याकडे नव्या इंजिनाची एंड्युरन्स टेस्ट चालायची. रात्रंदिवस डायनोवर, शेकडो तास. फुल लोड, मग आयडल, परत फुल लोड. ठरावीक तासांनी ऑइल सॅम्पल काढायचं, बघायचं त्यात धातूचा कण दिसतोय का. तिसऱ्या शिफ्टला आमचे एक सीनियर ऑपरेटर असायचे, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. एका रात्री ऑइल प्रेशर पडलं आणि काकांचा हात स्टॉप बटणावर पोचेपर्यंत इंजिन धरलं. उघडल्यावर दिसलं, बिग एंड बेअरिंग गेलेलं. क्रँकशाफ्ट निळीकाळी पडलेली.

दुसऱ्या दिवशी मेमो कुणाला? काकांना. 'वेळेत इंजिन बंद केले नाही.' महिनाभरानं कळलं की त्या बेअरिंगचा अख्खा लॉटच खराब होता. स्वस्तात घेतला होता, कुणी घेतला ते सगळ्या शॉपला माहीत होतं. त्या साहेबाला कुणी काही विचारलं नाही. काकांचा मेमो फाइलमध्ये तसाच राहिला, आणि त्या वर्षीची त्यांची बढती गेली. मी तेव्हा ज्युनियर होतो, गप्प बसलो. हे आज लिहितोय ते त्याचंही थोडं आहे.

२०१६ ला मलेशियात हॅमिल्टन आघाडीवर असताना त्याच्या मर्सिडीजच्या मागून ज्वाळा निघाल्या, तेव्हा मर्सिडीजनं नंतर कारण सांगितलं: ऑइल प्रेशर पडलं आणि बिग एंड बेअरिंग गेलं. मी टीव्हीसमोर तसाच बसून राहिलो. त्या वर्षी हॅमिल्टननं विजेतेपद गमावलं पाच गुणांनी. ३८५ विरुद्ध ३८०.

इथं आमचा भाचा मला अडवतो. म्हणतो, "मामा, मग ते पण अन्यायच ना? ते पण बंद करायचं का?" नाही रे बाबा. शर्यतीत इंजिन फुटणं हा खेळाचा भाग आहे. २००६ ला सुझुकाला शूमाकर आणि अलोन्सो दोघेही ११६ गुणांवर, दोनच शर्यती उरलेल्या, शूमाकर पहिला पळतोय आणि फेरारीच्या मागून पांढरा धूर. सहा वर्षांत शर्यतीत त्याचं एकही इंजिन गेलं नव्हतं, २००० च्या फ्रान्सनंतर हेच पहिलं. गेलं ते नेमकं त्या दिवशी. वाईट वाटलं, पण अन्याय नाही वाटला. गाडी, इंजिन, ड्रायव्हर सगळे मिळून हरले. शूमाकर पिटमध्ये येऊन एकेका मेकॅनिकला भेटला, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणजे बघा, इंजिन फुटलं की शिक्षा होतेच, तिथल्या तिथं, शून्य गुण. मग पुढच्या आठवड्यात त्याच बिघाडासाठी दहा जागा मागे, ही दुसरी शिक्षा कशासाठी? एकाच गुन्ह्याला दोनदा.

बरं, हा दंड निदान श्रीमंत टीमना तरी रोखतो का? उलट त्यांनी त्याचं गणित मांडलंय. इंजिन जुनं झालं की थोडी थोडी ताकद कमी होते. मग हुशार टीम काय करते? जिथं ओव्हरटेक सोपं तिथं मुद्दाम नवं इंजिन टाकते आणि दंड पचवते. स्पा त्यासाठी आवडता. २०२२ ला स्पाला सात जणांनी एकाच वेळी असे दंड घेतले. व्हर्स्टापेन क्वालिफायिंगला सगळ्यात वेगवान होता, दंडामुळे चौदावा सुटला, आणि जिंकला, तोही आरामात. २०२१ ला ब्राझीलमध्ये हॅमिल्टननं नवं इंजिन घेतलं, पाच जागांचा दंड घेतला, दहावा सुटला आणि जिंकला. त्याच्या गाडीचा सरळ रस्त्यावरचा वेग बघून रेड बुलवाल्यांचा चेहरा पडला होता. २०२४ ला त्याच ब्राझीलला, पावसात, व्हर्स्टापेन इंजिनाचा दंड घेऊन सतराव्यावरून जिंकला.

ज्यांची गाडी मुळातच वेगवान आहे त्यांच्यासाठी हा दंड म्हणजे टोल आहे. भरला आणि पुढे गेले. खरा मार बसतो तो मधल्या आणि मागच्या टीमच्या पोरांना, ज्यांच्याकडे सतराव्यावरून पुढे यायला गाडीच नाही.

२०१८ चं टोरो रोसो आठवा. होंडा त्यांच्याकडे गेली, आणि पुढच्या वर्षी रेड बुलला इंजिन द्यायचं असल्यानं सगळे प्रयोग गॅस्ली आणि हार्टली यांच्या गाडीत झाले. नवं इंजिन, दंड, मागून सुरुवात. परत नवं इंजिन, परत दंड. होंडाचं भलं झालं, त्या कष्टातूनच पुढे २०२१ चं विजेतेपद आलं, आणि मला होंडाबद्दल आदरच आहे. २०१५ ला ज्यांची टर उडवली त्यांनी सहा वर्षांत जग जिंकलं, ही काही साधी गोष्ट नाही. पण हार्टलीला त्या वर्षानंतर सीट राहिली नाही. किती वेळा दंडामुळे मागून सुटला, हे निकालाच्या तक्त्यात कुठे दिसतं?

आणखी एक गंमत. २०२२ ला इंजिनांचा विकास गोठवला, २०२५ अखेरपर्यंत. ताकद वाढवायला बंदी, पण टिकाऊपणासाठी दुरुस्ती करायची असेल तर एफआयएची परवानगी घेऊन करता येईल. आता तुम्ही इंजिनवाले असता तर काय केलं असतं? रेनोनं तेच केलं आणि उघड सांगितलंही: आधी ताकद काढा, मग मोडलं तर टिकाऊपणाच्या नावाखाली दुरुस्त करू. कागदावर हुशार चाल. पण त्या वर्षभर अल्पीनमध्ये बसून रस्त्याच्या कडेला कोण थांबत होतं? परत अलोन्सो. या माणसाच्या कुंडलीत इंजिन नावाचा ग्रहच वक्री आहे.

आता यंदाचं. २०१४ नंतरचा हा सगळ्यात मोठा बदल आहे. टर्बोच्या गरम वायूतून वीज काढणारा एमजीयू-एच हा भाग गेला. लाखभर आरपीएमनं फिरणारं ते प्रकरण फार नाजूक आणि फार महाग होतं, गेलं ते बरं झालं. त्याऐवजी मागच्या चाकांना जोर देणारी विजेची मोटर १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर. साधारण निम्मी ताकद पेट्रोलची, निम्मी विजेची. आणि पेट्रोल म्हणायचं तरी कसं, कारण इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांमधलं हवं, जमिनीतून उपसलेलं नाही. (आपल्याकडे ई-२० वरून पंपावर रोज वाद होतायत, इकडे कारखान्याच्या इथेनॉलवर उसाचं बिल अवलंबून. फॉर्म्युला वननं २०२२ ला ई-१० घेतलं तेव्हा त्यांच्या इंजिनांचीही ताकद कमी झाली होती, फक्त त्यांच्याकडे ती भरून काढायला शेकडो इंजिनियर होते. तो विषय वेगळ्या पोस्टचा.)

बनवणारेही नवे. ऑडी पहिल्यांदाच. रेड बुल स्वतःचं इंजिन बनवतंय, फोर्डला बरोबर घेऊन. होंडा नव्या टीमबरोबर. रेनोनं तर इंजिन बनवणंच बंद केलं. नवं डिझाइन, नवं इंधन, तिप्पट जोराची मोटर, बॅटरीवर प्रचंड ताण. यात काही मोडणारच. मोडलं नाही तर मला आश्चर्य वाटेल. एफआयएलाही हे ठाऊक आहे, म्हणून पहिल्या वर्षापुरती इंजिनांच्या संख्येत थोडी सूट दिली आहे. २०१५ लाही होंडाला नवखी म्हणून एक इंजिन जादा मिळालं होतं. उपयोग काय झाला ते वर सांगितलंच.

माझं म्हणणं साधं आहे. हा दंड आला तेव्हा खर्चावर दुसरा कुठला लगाम नव्हता. आता आहे. टीमच्या खर्चावर २०२१ पासून मर्यादा आहे, इंजिन बनवणाऱ्यांच्या खर्चावर २०२३ पासून. वर्षाला साडेनऊ कोटी डॉलर होती, यंदा १३ कोटी. प्रत्येक इंजिनाला एफआयएचं सील असतं, कुठलं इंजिन किती वापरलं याची नोंद असते. मग संख्येपेक्षा जास्त इंजिन घेतलं तर त्याची पूर्ण किंमत, जरा वाढवूनच, त्या कंपनीच्या मर्यादेतून कापा. आणि टीमच्या विजेतेपदाचे गुण कापा. त्या गुणांवर बक्षिसाचे पैसे ठरतात, तिथं चिमटा बसला की साहेब लोक जागे होतात. ड्रायव्हरचे गुण आणि त्याची ग्रिडवरची जागा, ज्याला हात लावायचा नाही अशी गोष्ट राहू द्या.

भाच्याचं यावरही उत्तर तयार असतं. "मामा, मग एखादी टीम म्हणेल, टीमचं विजेतेपद गेलं खड्ड्यात, आपल्या पोराला दर शर्यतीला नवं इंजिन द्या." मुद्दा बरोबर आहे, हे मान्य करतो. त्यासाठी वर एक पक्की सीमा घालावी लागेल, अमुक इंजिनांनंतर मात्र मागून सुरुवात. आणि ग्राहक टीमचं काय, म्हणजे जी दुसऱ्याकडून इंजिन विकत घेते? इंजिन सदोष निघालं तर तिचे गुण कापणं म्हणजे परत काकांनाच मेमो. तिथं फक्त बनवणाऱ्याच्या मर्यादेतून पैसे कापावेत. आपली फोर्स इंडिया आठवते ना, मर्सिडीजकडून इंजिन घ्यायची. असल्या छोट्या टीमला एकेक गुण म्हणजे पुढच्या वर्षीचा पगार असतो. सगळी भोकं बुजवणारा नियम माझ्याकडे नाही. पण आजच्या नियमाला जे भगदाड आहे त्यातून तर रेड बुल आणि मर्सिडीज ट्रक घेऊन जातायत.

काही जण म्हणतील, एवढ्या भानगडीपेक्षा व्ही-१० परत आणा. २०११ ला आम्ही चार मित्र झेलमनं दिल्लीला गेलो होतो, ग्रेटर नॉयडाला पहिली इंडियन ग्रां प्री बघायला. व्ही-८ होती तेव्हा, १८ हजार आरपीएम. पहिली गाडी समोरून गेली तेव्हा छातीत कंप आला होता, खोटं नाही सांगत. वेटेल जिंकला, पुढची दोन वर्षंही तोच. मग शर्यतच गेली, आणि आत्ताच्या व्ही-६ इंजिनांचा आवाज भारतात शर्यतीत कधी ऐकूच आला नाही. तो आवाज मलाही हवाय. पण आवाज बदलला तरी दंडाचा नियम तोच राहिला, तर व्ही-१० चं इंजिन फुटल्यावरही मागे उभा राहणार तो ड्रायव्हरच.

तर ८ तारखेला सकाळी साडेनऊला शर्यत आहे. आमच्याकडे भाचा आणि त्याचे तीन मित्र येणार आहेत, पोहे होतील. मी अलोन्सोच्या गाडीकडे आणि त्या दोन ऑडींकडे बघणार आहे. कुणाच्या मागून धूर निघाला तर पहिला फोन काकांना करीन; ते आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, पण बेअरिंग म्हटलं की बरोबर कळतं. तुमच्या मते दंड कुणाला व्हावा ते खाली लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील, इंजिनाला द्या फक्त.